चढावरची दिंडी

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात सान्तियागो दे कॉम्पोस्तेला हे शहर आहे. येशूच्या बारा शिष्यांपैकी संत याकोब याची समाधी तिथल्या कॅथीड्रलमध्ये आहे अशी श्रद्धा आहे. त्या समाधीच्या ओढीने हजार वर्षांहून अधिक काळ युरोपभरातले यात्रेकरू तिकडे चालत जातात. अलीकडे बरेच जण सायकलवर जातात. वाट पुष्कळ ठिकाणी निवांत, डोंगराळ मुलखातून जाते. लहान गावे, दगडी घरे, गायींची कुरणे, आणि गॅलिसिया प्रांतात शिरताना ओ सेब्रेइरोचा सुमारे १,३०० मीटर उंचीवर नेणारा चढ. शहरात पोहोचल्यावर चर्चच्या यात्रेकरू कार्यालयात वाटेतल्या मुक्कामांचे शिक्के मारलेली पुस्तिका दाखवली की लॅटिनमधले प्रमाणपत्र मिळते. २०२४ मध्ये अशी जवळपास ५ लाख प्रमाणपत्रे दिली गेली. अट अशी की पायी आलेल्याने किमान १०० किलोमीटर चाललेले असावे आणि सायकलवर आलेल्याने किमान २०० किलोमीटर सायकल चालवलेली असावी.

या अटीच्या पोटात धर्माचा एक जुना प्रश्न आहे, आणि तो आपल्याला मुळीच परका नाही. चालण्याचा एक किलोमीटर सायकलच्या दोन किलोमीटरांच्या बरोबरीचा धरायचा, म्हणजे पुण्याचे माप कष्टाने घ्यायचे. चाक अंगाला सोपे जाते, म्हणून चाकाला दुप्पट अंतर. कार्यालय म्हटले की कुठेतरी रेघ ओढावी लागते, हे मान्य. त्याच कार्यालयात यात्रेचा हेतूही विचारतात, आणि जो धार्मिक किंवा आध्यात्मिक ओढीने आलेला नाही त्याला वेगळे प्रमाणपत्र देतात. नुसते किलोमीटर पुरत नाहीत, याची जाण तिथेही आहे. आपल्या पंढरपुरात शिक्के नाहीत, पुस्तिका नाही, अंतराची अट नाही. प्रश्न मात्र आपल्याही दाराशी आला आहे. नाशिकहून गेल्या दशकाहून अधिक काळ आषाढीच्या आधी सायकलस्वारांचे मोठे पथक पंढरपूरला जाते, आणि ते पाहून इतर जिल्ह्यांतूनही पथके निघू लागली आहेत. हँडलला भगवी पताका, कपाळाला गंध, मुखी विठ्ठलाचे नाव. महिन्याच्या वाटेवर जे मिळते ते दोन-तीन दिवसांत मिळवू पाहणाऱ्या या प्रवासाला लोक 'सायकल वारी' म्हणतात. ही वारी आहे का, असा हा प्रश्न आहे. असेल तर कशामुळे, आणि नसेल तर काय कमी पडते?

वरणगावसारख्या ठिकाणी या प्रश्नाला विशेष धार येते. भुसावळ आणि मुक्ताईनगर यांच्या मधले हे गाव. एका अंगाला दारूगोळ्याचा सरकारी कारखाना, उशाशी रेल्वे, शेजारून सुरत-नागपूर महामार्ग, आणि जवळच तापीवरचे हतनूर धरण. तिथून पूर्वेला थोडे गेले की तापी-पूर्णेचा संगम येतो आणि संगमावर चांगदेवाचे जुने दगडी मंदिर. त्याच टापूत मेहूण आणि कोथळी. शके १२१९, म्हणजे १२९७ च्या वैशाखात, विजेच्या लोळात मुक्ताबाई इथेच गुप्त झाल्या असे वारकरी परंपरा सांगते. महाशिवरात्रीला मुक्ताई-चांगदेवाची यात्रा भरते तेव्हा आसपासच्या गावांतून दिंड्या येतात. आषाढीच्या आधी कोथळीहून मुक्ताबाईंची पालखी पंढरपूरला निघते. मानाच्या पालख्यांतला हिचा पल्ला फार लांबचा. सहाशे किलोमीटरच्या आसपास अंतर आणि महिन्याहून अधिक दिवसांची वाट. बुलढाण्याच्या अलीकडचा राजूर घाट ही पालखी पायी चढते. तोच घाट सायकलस्वार तासाभरात मागे टाकतो. दोघेही एकाच देवाकडे निघालेले असतात.

पहिले उत्तर सान्तियागोच्या अटीसारखे आहे. वारी म्हणजे तप, तप म्हणजे देहाला कष्ट, आणि चाकाने कष्ट कमी झाले म्हणजे तपही कमी झाले. हे उत्तर सहज पटते, कारण अनवाणी पाय, उन्हातान्हातली चाल, टाचांच्या भेगा हे सारे आपण डोळ्यांनी पाहतो आणि मनोमन हात जोडतो. पण आपली शास्त्रे या उत्तराच्या बाजूने उभी राहत नाहीत. गीतेच्या सतराव्या अध्यायात शारीर तपाची यादी आहे. देव, ब्राह्मण, गुरू आणि ज्ञानी यांचे पूजन, शुचिता, सरळपणा, ब्रह्मचर्य, अहिंसा एवढेच त्या यादीत येते. ऊन, उपास, दमछाक यांतले एकही तिथे नाही. उलट त्याच अध्यायाच्या सुरुवातीला, दंभाने आणि अहंकाराने शरीरातल्या भूतसमूहाला आणि आत वसणाऱ्या ईश्वराला छळणाऱ्यांना आसुरी निश्चयाचे म्हटले आहे. पुढे मानासाठी, सत्कारासाठी केलेले तप राजस ठरवले आहे आणि हट्टाने देह पिळून केलेले तामस. देहाच्या कष्टाला एवढ्या संशयाने पाहणारा ग्रंथ ज्या संप्रदायाच्या मुळाशी आहे, तो संप्रदाय केवळ घामाच्या मापाने वारी मोजणार नाही.

आणि हे मुक्ताईच्या परिसरात तरी कुणाला वेगळे सांगायला नको. चांगदेवाची कथा याच प्रश्नाची कथा आहे. योगबळाने चौदाशे वर्षे जगलेला, वाघावर बसून सापाचा चाबूक हाती घेऊन येणारा हा सिद्ध. त्याच्यापेक्षा अधिक कष्ट कुणी केले असतील? समोर मुक्ताबाई-ज्ञानदेवांसह चार भावंडे एका पडक्या भिंतीवर बसलेली, आणि ती भिंतच त्याच्या भेटीला चालू लागते. त्याआधी ज्ञानदेवांना काय लिहावे हे न सुचल्याने त्याने कोरेच पत्र धाडले होते. एवढी वर्षे तप करून हा कोराच राहिला, असे त्यावर मुक्ताबाई म्हणाल्याचे सांगतात. शेवटी या महायोग्याने त्या लहान वयाच्या मुलीला गुरू केले. कथा ऐतिहासिक म्हणून घ्यायची गरज नाही. शतकानुशतके कीर्तनात ती का टिकली हे महत्त्वाचे. कष्ट आणि सामर्थ्य कितीही मोठे असले तरी त्यांतून आपोआप काही उमलत नाही, हे ती सांगते. वाघ काय किंवा चाक काय, वाहनाचा प्रश्न तिच्यात दुय्यम ठरतो. ज्याच्यावर आपण बसलो त्याच्यावरची आपली सत्ता दाखवण्यासाठी निघालो आहोत का, हा तिचा प्रश्न आहे.

आजच्या काळातला पुरावाही हेच सांगतो. २०१५ मध्ये नाशिकच्या महाजन बंधूंनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघाने पूर्ण केली. नऊ दिवसही लागले नाहीत. त्यात डोंगर आहेत, वाळवंट आहे, झोपेशी झगडा आहे. कष्टाच्या मापाने कुठलीही वारी त्यापुढे लहान ठरेल. तरी ती स्पर्धा आहे, वारी नाही, हे सगळेच मानतात आणि त्यात त्या पराक्रमाला कमीपणाही नाही. दुसऱ्या टोकाला पाहा. केळीच्या बागेत घड उतरवायला भल्या पहाटे जुन्या सायकलवर दहा-बारा किलोमीटर जाणारा मजूर खानदेशात प्रत्येक रस्त्यावर भेटतो. दिवसभर खांद्यावर घड वाहायचे आणि संध्याकाळी वैशाखाच्या झळा अंगावर घेत तेवढेच अंतर परत. कष्ट हेच पुण्य असते तर त्याच्या पुण्याला सीमा राहिली नसती. मग हौसेने घाट चढणाऱ्याचे तप मोठे आणि पोटासाठी पायडल मारणाऱ्याचे काहीच नाही, असे कसे म्हणायचे? कष्टाच्या मापाला धरून बसलो की या मजुरावर अन्याय होतो. हे माप सोडण्याचे माझ्या दृष्टीने सर्वांत बळकट कारण हेच आहे.

माप सोडले की दुसरे उत्तर लगेच पुढे येते. भाव असेल तर सगळे चालते. पायी जा, सायकलने जा, एस.टी.ने जा, नाहीतर घरीच बसा. त्याला आधारही मोठा आहे. अरणचे सावता माळी मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, देवच त्यांच्या मळ्यात आला असे संप्रदाय मानतो. पण या उत्तराने प्रश्न सुटत नाही, नुसता मिटवला जातो. भावच सर्व काही असेल तर लाखो माणसे पावसापाण्याची चालतात कशाला? सावतोबांचा अधिकार मान्य असलेला संप्रदाय वारीचा नेम सोडत नाही, यातच काही अर्थ असला पाहिजे. देहाने केलेली कृती आणि मनाचा भाव यांचे नाते काय, हा तो अर्थ. त्याचे एक नेमके विवेचन खानदेशातच झाले आहे. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. विनोबांचे म्हणणे असे की बाहेरचे कर्म आणि त्याला जोडलेले मनाचे कर्म, ज्याला ते विकर्म म्हणतात, ही दोन्ही एकत्र आली की कर्माचे ओझे उरत नाही. नुसते बाहेरचे कर्म कोरडे राहते, आणि नुसत्या आतल्या भावाला हातपाय नसतात. मग आपला प्रश्न असा होतो: वारीत बाहेरची कृती चालणे ही आहे, तिला जोडलेले आतले काम कोणते? आणि चालण्याच्या जागी पायडल आले तर ते आतले काम सोपे होते की अवघड?

माझे उत्तर असे की वारीतले आतले काम म्हणजे स्वतःची गती सोडून देणे. दिंडी जवळून पाहिली की हे दिसते. पुढे पताका, मग टाळकरी, मध्ये वीणेकरी, मागे तुळस डोक्यावर घेतलेल्या आया-बहिणी. ओळी ठरलेल्या, क्रम ठरलेला. ज्याचे पाय लांब पडतात त्यालाही पुढे जाता येत नाही, कारण पुढच्या ओळीच्या पायांवर पाय पडतील. ज्याची चाल मंद त्याला मागचे ढकलत नाहीत, अभंगाचा ठेका सावरून घेतो. विसावा कुठे, जेवण कुठे, मुक्काम कुठे, हे आपल्या हाती नसते. भूक लागली म्हणून थांबता येत नाही आणि उमेद आहे म्हणून दोन गावे पुढे जाता येत नाही. महिनाभर माणूस स्वतःच्या घाईचा आणि स्वतःच्या आळसाचा मालक राहत नाही. आपल्या 'मी'ची सर्वांत जवळची खूण आपला वेग असतो. घरात, शेतात, कचेरीत आपण दुसऱ्यावर चिडतो ते बहुतेक वेळा तो आपल्या वेगाने चालत नाही म्हणून. तो वेगच वारीत काढून घेतला जातो. परस्परांच्या पाया पडणे, एकमेकांना 'माउली' म्हणणे हे त्यानंतर सुचते, कारण पुढे कोण आणि मागे कोण याचा हिशेबच तोवर गळून गेलेला असतो. चालण्याचे धार्मिक मोल इथे आहे. कष्ट त्याच्यासोबत येतात, पण ते मोलाचे कारण नाहीत.

आता सायकलकडे येऊ. सपाट रस्त्यावर पथक जात असेल तर सायकलही माणसांना एकत्र बांधते, आणि तेही हवेच्या जोरावर. ताशी पंचवीस-तीस किलोमीटरच्या वेगाला सायकलस्वाराची बहुतेक ताकद समोरची हवा कापण्यात जाते. पुढच्याच्या चाकामागे हातभर अंतर ठेवून राहिले की मागच्याला ती हवा कमी लागते आणि त्याची पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचते. म्हणून अशक्त माणूसही सशक्तांच्या पथकात टिकतो. पुढे असलेला दमला की बाजूला होऊन मागे येतो, दुसरा पुढे जातो. वरणगावहून सावदा-रावेरकडे केळीच्या बागांमधून जाणाऱ्या सपाट रस्त्यांवर असे पथक एका देहासारखे चालू शकते. इथवर सायकल दिंडीला जवळची आहे.

चढ लागला की हे सारे मोडते. रावेरच्या पुढे सातपुड्याच्या कुशीत पालकडे चढणारा रस्ता घ्या किंवा मोताळ्याहून बुलढाण्याला जाताना लागणारा राजूर घाट घ्या. वेग दहावर येतो, हवेचा विरोध जवळजवळ उरत नाही, आणि सगळी मेहनत स्वतःचे नि सायकलचे वजन वर उचलण्यात जाते. पुढच्या माणसाचा मागच्याला आता काहीही उपयोग नाही. ज्याचे फुप्फुस मोठे, वजन कमी, सायकल हलकी तो पुढे निघतो. बाकीचे एकेक करून सुटतात. पहिल्या दोन वळणांत पथकाची माळ तुटते आणि घाटमाथ्यावर पहिला आणि शेवटचा यांच्यात अर्ध्या तासाचे अंतर पडते. पायी चालणाऱ्यांतही चढावर फरक पडतो, पण तो थोडा असतो. माणसाच्या चालण्याची मर्यादाच अशी आहे की जवान आणि म्हातारा यांच्यात फार दरी पडत नाही. चाक ही मर्यादा उठवते. बळवंताचे बळ आणि दुबळ्याचे दुबळेपण या दोहोंना ते मोठे करते. त्यामुळे पायी वारीत जे सोबत चालणे ओळ, ठेका आणि देहाची मर्यादा यांनी जवळपास आपसूक घडते, ते सायकलवरच्या घाटात कुणीतरी ठरवून घडवावे लागते. ज्याला पुढे जाता येते त्याने न जाण्याचे ठरवावे लागते, आणि तेही पाय सळसळत असताना. हलक्या गिअरवर, तोल जाईल इतक्या मंद गतीने, धापा टाकणाऱ्या माणसाशेजारी वळणामागून वळण काढणे हे घाट धावत चढण्याहून अवघड आहे. ज्यांनी सायकल चालवली आहे त्यांना हे ठाऊक आहे.

म्हणून चाकाने वारी सोपी होते हा समज मला चुकीचा वाटतो. देहाचे काम कमी होते हे खरे, पण मनाचे काम वाढते. विनोबांच्या भाषेत सांगायचे तर बाहेरचे कर्म हलके झाले की विकर्माचा भार वाढतो, कारण ओळीने आणि ठेक्याने जे फुकट दिले होते ते आता प्रत्येक चढाला नव्याने द्यावे लागते. सायकल वारी वारी होऊ शकते, पण ती आपोआप होत नाही. दोनशे किलोमीटर काय, दोन हजार किलोमीटर पूर्ण केल्यानेही ती होत नाही. शेवटचा माणूस माथ्यावर येईपर्यंत पहिल्याने त्याच्यासोबत असणे, ही तिची अट. माथ्यावर थांबून चहा पीत त्याची वाट पाहणे हे सौजन्य झाले. ते चांगलेच आहे, पण त्यात आपली गती आपल्यापाशीच राहिली.

इथे स्पेनच्या एका नियमाचा उल्लेख करावासा वाटतो, कारण तो कुठल्याही चर्चने केलेला नाही, वाहतुकीच्या कायद्यात आहे. सायकलस्वार गटाने जात असतील आणि पहिल्याने चौक ओलांडायला किंवा वर्तुळाकार चौकात शिरायला सुरुवात केली असेल, तर वाटेच्या हक्कापुरता तो सारा गट एकच वाहन मानला जातो. पहिला गेला म्हणजे शेवटचाही जाईपर्यंत मोटारीने थांबायचे. सायकलस्वाराला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर ठेवायचे, आणि त्यासाठी प्रसंगी मधली अखंड रेघही ओलांडण्याची मुभा आहे. हा सुरक्षेचा नियम आहे, त्यात अध्यात्म नाही. पण वीस माणसे हा एक देह आहे असे राज्याच्या कायद्यानेही मानावे, यात दिंडीची कल्पना अनपेक्षित दिशेने भेटते. आपल्याकडे पालखी मार्गावर बंदोबस्त असतो आणि लोकही आपणहून वाट देतात. एरवी महामार्गावर ट्रकच्या झोताने बाजूला फेकला जाणारा एकटा सायकलवाला, मग तो मजूर असो की वारकरी, अशा एका नियमाला पात्र आहे.

आक्षेप येतील, आणि ते वजनदार आहेत. पहिला आक्षेप एकांताचा. निर्जन डोंगराळ रस्ता, इंजिनाचा आवाज नाही, स्वतःचा श्वास आणि साखळीची कुजबुज तेवढी; अशा वाटेवर एकट्याने जाणाऱ्याला जे मिळते ते गर्दीच्या दिंडीत मिळत नाही, आणि देवाशी नाते शेवटी एकट्याचेच असते. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर एकटे जाऊन बसत, मग एकट्याच्या घाटाला वारी का म्हणू नये? एकांताचे मोल मी नाकारत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी पहाटे एकट्याने सायकल चालवणे ही साधना होऊ शकते, चांगली साधना होऊ शकते. पण ती वारी नाही, आणि दोन्हींना एकच नाव दिल्याने दोन्हींचे नुकसान होते. तुकोबा भंडाऱ्यावर जात आणि वारीलाही जात. एकाने दुसऱ्याची जागा घेतली नाही. एकांतात माणूस स्वतःच्या मनाशी झगडतो, वारीत दुसऱ्याच्या गतीशी जुळवून घेतो. एकटा सायकलस्वार घाटात स्वतःला जिंकतो असे म्हणतात. पण जिंकणारा तोच असतो आणि टाळ्याही तोच वाजवतो. हा धोका भंडाऱ्यावरही होता. तुकोबांचे पुढचे सारे आयुष्य लोकांत, कीर्तनात गेले, त्यामुळे तो त्यांना शिवला नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक टोचतो. सायकल वारीसोबत टेम्पो असतो, पंक्चर काढणारा असतो, मुक्कामाची सोय आधीच ठरवलेली असते. पायी वारकरी गावांच्या हातचे खातो. पिठले-भाकरी कुणी वाढायची, पाय कुणी चेपायचे, ओसरी कुणी द्यायची, हे गावेच ठरवतात. स्पेनच्या त्या वाटेवर एक म्हण चालते, की पर्यटक मागतो आणि यात्रेकरू आभार मानतो. जो काहीच मागे ठेवत नाही, सगळे सोबत घेऊन निघतो, त्याला आभार मानायला कोण उरते? या आक्षेपाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, अर्धे आहे. टेम्पोने वारी बिघडत नाही, कारण पायी दिंडीलाही आता पाण्याचा टँकर आणि सामानाचा ट्रक असतोच. बिघाड होतो तो न थांबण्याने. एकनाथांची कथा इथे सगळ्यात चांगली कसोटी आहे. काशीहून रामेश्वराला गंगेची कावड नेताना वाटेत तहानेने तडफडणारे गाढव दिसले, आणि नाथांनी देवासाठीचे पाणी त्याला पाजले. सोबतचे लोक खट्टू झाले. नाथांच्या लेखी कावड तिथेच रामेश्वराला पोहोचली. ताशी चार किलोमीटर चालणाऱ्याला गाढव दिसते. ताशी तीस किलोमीटरने जाणाऱ्याला ते दिसण्याआधी मागे पडते, आणि दिसले तरी संध्याकाळच्या मुक्कामाचा हिशेब आड येतो. सायकलने वाटेवरची माणसे पाहण्याची वेळच कापली जाते, हे मान्य केले पाहिजे. यावर उपाय एकच, की दिवसाचे अंतर जमेल त्याहून बरेच कमी ठरवायचे. नाहीतर थांबण्याची सोयच उरत नाही.

तिसरा आक्षेप असा की मी गतीवर भर देऊन वारीतला विठ्ठलच बाजूला सारतो आहे. माणसांशी जुळवून घेणे ही समाजसेवा झाली, भक्ती कुठे राहिली? पण वारकऱ्याच्या लेखी ही दोन कामे वेगळी नाहीत. ज्याच्या भेटीला निघालो तो शेजारच्या माणसात आहे हे मानून त्याच्या पाया पडायचे, ही या वाटेची रीतच आहे. चोखोबांना देवळाबाहेर ठेवणाऱ्यांनी ती रीत दारापाशी सोडली. म्हणूनच १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात दहा दिवस उपोषण करावे लागले, मंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्या बांधवांना उघडावे म्हणून. वाटेवर सारे सारखे आणि दाराशी वेगळे, ही विसंगती त्यांना सहन झाली नाही. तोच धागा उलट्या बाजूने सायकल वारीला लागू होतो. दार आता उघडे आहे. वाट सर्वांची राहते का, हे पाहायचे. लाखाच्या घरातल्या कार्बनच्या सायकली पुढे आणि जुन्या लोखंडी सायकली मागे, अशी चढावर रांग लागली तर ती रांग पैशाने आणि वयाने लागलेली असते.

याच विचाराने पुढे गेले तर एक गोष्ट मान्य करावी लागते, आणि ती अनेक जुन्या सायकलस्वारांना आवडणार नाही. बॅटरीवर चालणारी, चढावर पायाला मोटारीचा आधार देणारी सायकल आता गावोगाव येऊ लागली आहे. कष्टाच्या मापाने ती फसवणूक आहे; दोनशेच्या जागी चारशे किलोमीटरची अट घाला, असे कुणी म्हणेल. पण गती सोडून देणे हेच वारीचे काम असेल, तर साठी ओलांडलेली बाई त्या मोटारीच्या आधाराने राजूर घाटात पथकासोबत राहू शकते, आणि तिच्या शेजारून तिचा मुलगा साध्या सायकलवर तिच्या वेगाने जाऊ शकतो. विनोबांनी भूदानासाठी वर्षानुवर्षे पायीच यात्रा केली, आणि पुढे १९६५ च्या बिहारमधल्या तूफान यात्रेत मोटारीत बसायलाही मागेपुढे पाहिले नाही. साधन बदलले म्हणून यात्रा थांबली असे त्यांना वाटले नाही. आषाढीच्या आधी मुक्ताईनगरच्या बाजूने सायकलींचे पथक घाटाकडे निघेल तेव्हा त्यात मोटार लावलेल्या दोन-चार सायकली असाव्यात, आणि पथकाने चढावर त्यांना पुढे काढून आपण त्यांच्या मागे राहावे.